सॅम्पल फ्लॅटच्या पलीकडे

वाघोली, मांजरी, पिसोळी, सूस. पुण्याच्या कडेच्या या गावांत रविवारी सॅम्पल फ्लॅट बघणाऱ्यांची गर्दी असते. कोथरूड-बाणेरचे दर परवडेनासे झाले की नोकरदार कुटुंबं इकडे वळतात.

30 जून 2021 रोजी अशी 23 गावं पुणे महापालिकेत आली. हद्द एका अधिसूचनेनं सरकते. जलवाहिनी टाकायला मात्र वर्षं जातात. म्हणूनच वीस मजली इमारतींच्या फाटकापाशी आजही पहाटे टँकर उभे दिसतात. उन्हाळ्यात त्यांच्या फेऱ्या आणि दर दोन्ही वाढतात. हा खर्च देखभाल शुल्कातून रहिवाशांच्याच माथी येतो, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नसतो. हे अन्यायाचंच आहे.

घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा रेरा (स्थावर संपदा नियमन) कायदा मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला आणि ग्राहकाच्या हाती बरंच बळ आलं. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. क्षेत्रफळही चटई क्षेत्राचंच (कार्पेट एरिया) सांगावं लागतं. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला, तर दुरुस्ती बिल्डरनं विनामूल्य करून द्यायची. पाण्याची हमी मात्र प्रकल्पाच्या रेरा नोंदणी क्रमांकात नसते.

तेव्हा टोकन देण्याआधी महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं वाचा आणि शेजारच्या सोसायटीत जाऊन मे महिन्याचं टँकरचं बिल विचारा.