कडधान्यातील भुंगेरा : शत्रू दाण्याच्या आत

वर्षाची बेगमी म्हणून भरून ठेवलेल्या मूग, चवळी वा हरभऱ्याच्या डब्यात काही दिवसांतच बारीक तपकिरी भुंगेरे फिरू लागतात आणि दाण्यांना गोल छिद्रे पडलेली दिसतात. शास्त्रज्ञ या किडीला 'कॅलोसोब्रुकस' या नावाने ओळखतात. तिची लागण पुष्कळदा शेतातच, पिकत आलेल्या शेंगांवर होते आणि धान्याबरोबर ती घरात येते.

मादी दाण्याच्या सालीवर ८० ते १०० अंडी चिकटवते. अळी अंड्याखालूनच दाण्यात शिरते, आतील गर खाते व तेथेच कोष करते. ३० अंश तापमानात हे चक्र तीन ते चार आठवड्यांत पुरे होते. बाहेर पडलेला भुंगेरा जेमतेम एक-दोन आठवडे जगतो आणि साठवणीत जवळपास काहीच खात नाही. म्हणजेच तो डोळ्यांना दिसतो, तेव्हा नुकसान होऊन गेलेले असते.

कीटकनाशकांची मर्यादाही यातूनच उद्भवते. मॅलॅथिऑन वा डेल्टामेथ्रिन गोदामाच्या भिंतींवर फवारतात. त्यांच्या स्पर्शाने भुंगेरे मरतात, परंतु दाण्यातील अळी सुरक्षित राहते. तिच्यापर्यंत पोहोचतो तो वायूच. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतील ओलाव्याने विरघळत १ ग्रॅम फॉस्फिन सोडते. हा वायू पेशींचे श्वसनच बंद पाडतो. किडीचे आणि माणसाचेही. त्यावर खास उतारा उपलब्ध नाही. फटींतून तो शेजारच्या खोलीतही शिरतो. म्हणूनच भारतात धुरीकरणाची मुभा केवळ शासकीय वा शासनमान्य तज्ज्ञ यंत्रणांना आहे. धुरी नीट बंदिस्त नसेल, तर तग धरलेल्या किडींतून प्रतिकारक्षम पिढ्या निपजतात. तांबडा भुंगेरा व धान्य पोखरणारा भुंगेरा यांच्याबाबत भारतात हे आढळले आहे.

राहत्या घरात ही गोळी ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ होय. तेथे साधे उपाय पुरेसे ठरतात. कडधान्य कडक उन्हात वाळवून ओलावा १० टक्क्यांखाली आणावा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. दाण्यांना एरंडेल चोळण्याची जुनी रीतही शास्त्राला धरून आहे; तेलामुळे अंडी उबत नाहीत. थोडे धान्य असल्यास आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवावे. दाण्याच्या आत दडलेली अळीही त्यातून वाचत नाही.