यकृताची सहिष्णुता आणि कर्करोगाचा बचाव

पनवेल तालुक्यातील ओवे परिसरात, खारघर येथे, टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई येथे विकसित झालेला ‘कार-टी’ उपचार २०२१ मध्ये रुग्णावर प्रथम याच केंद्रात करण्यात आला. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून त्यांना कर्करोगाची खूण ओळखण्यास समर्थ करायचे व पुन्हा शरीरात सोडायचे, ही त्याची पद्धत. काही रक्तकर्करोगांसाठी त्यास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. यकृताच्या कर्करोगासमोर मात्र टी-पेशींचे बळ अनेकदा अपुरे पडते. असे का होते, ते पाहू.

प्रथम यकृताचा स्वभाव लक्षात घ्या. आतड्यांतून येणारे रक्त हृदयाकडे जाण्यापूर्वी यकृतातून जाते. त्यात अन्नातील परके घटक आणि जंतूंचे अवशेष असतात. अशा प्रत्येक घटकावर प्रतिकारशक्ती तुटून पडली, तर यकृताचा सतत दाह होईल. म्हणून तेथे प्रतिकाराला आवर घालण्याची व्यवस्था निसर्गतःच आहे. कर्करोग याच व्यवस्थेचा आश्रय घेतो.

त्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला लपण्याचा: पेशी आपल्या आतील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर मांडतात व टी-पेशी ते तपासतात, कर्कपेशी ही मांडणी कमी करतात. दुसरा थोपवण्याचा: टी-पेशींवरील ‘पीडी-१’ हा जणू ब्रेक, कर्कपेशी व भोवतालच्या पेशी ‘पीडी-एल१’ या प्रथिनाने तो दाबतात. तिसरा शमवण्याचा: प्रतिकार शांत करणाऱ्या नियामक टी-पेशी गाठीत जमतात. शिवाय हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूशी वर्षानुवर्षे झुंजून अनेक रुग्णांच्या टी-पेशी आधीच थकलेल्या असतात. पहारेकरी हजर असतात; त्यांचे हात बांधलेले असतात.

प्रतिकारावरील असे ब्रेक सैल करणाऱ्या उपचारपद्धतीच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘पीडी-एल१’ला रोखणारे अ‍ॅटेझोलिझुमॅब हे औषध बेव्हॅसिझुमॅबच्या जोडीने प्रगत यकृत-कर्करोगात वापरले जाते, तथापि सर्वच रुग्णांना त्याचा लाभ होत नाही. म्हणूनच प्रतिबंधाचे मोल मोठे. नवजात बालकास २४ तासांच्या आत दिलेली हिपॅटायटिस बी लस या रोगाच्या एका प्रमुख कारणासच अटकाव करते.

स्वयं-अध्ययन प्रश्न: कर्करोग ‘आश्रय घेतो’ असे म्हणताना आपण पेशींना हेतू बहाल करतो काय? वरील तीन मार्ग रूपकांचा आधार न घेता आपल्या शब्दांत लिहा.