शेवटी किती शून्यं?

१ ते १०० या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला, तर उत्तराच्या शेवटी किती शून्यं येतील? गुणाकार करत बसू नका, मूळ अवयव बघा. शेवटचं प्रत्येक शून्य १० मुळे येतं आणि १० म्हणजे २ × ५. सम संख्या ढीगभर, त्यामुळे २ कधीच कमी पडत नाहीत. मोजायचे ते फक्त ५!

पाचाच्या पटी २०. पण २५, ५०, ७५ आणि १०० यांच्यात ५ दोनदा दडलेला आहे (घाईत नेमकं हेच निसटतं), म्हणून आणखी ४. एकूण २४ शून्यं. किती सुंदर!

१००० पर्यंत गेलात तर १२५ च्या पटी आणि ६२५ सुद्धा धरा: २०० + ४० + ८ + १ = २४९.