पुण्यात घोडा घेतला, ठेवायचा कुठे?

मराठ्यांच्या घोडदळात बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन येई. आजचा हौशी पुणेकर मालक शिलेदारच. म्हणून घोड्याआधी पागा ठरवावी.

रेसकोर्सचे तबेले शर्यतीच्या घोड्यांसाठी. इतरांना शहराच्या कडेचीच वाट धरावी लागते. तळेगाव दाभाडे परिसरात जापलूपसारखं नावाजलेलं अश्वारोहण केंद्र आहे. अशा ठिकाणी जागा आणि दर आधी विचारावेत.

पर्याय तीन. पूर्ण सांभाळात वैरण, चंदी, खरारा, मोतद्दार सगळं केंद्राचं. अर्ध्या सांभाळात जागा त्यांची, देखभाल मालकाची. तिसरा पर्याय स्वतःच्या शेतावरचा तबेला. पण घोडा कळपातला प्राणी, एकटा ठेवला तर झुरतो.

पाहणीला गेल्यावर ठाण मोजावं: साधारण 12 बाय 12 फूट हवं. खाली वाकून वास घ्यावा. मुताचा उग्र दर्प आला, तर अंथरूण वेळेवर बदललं जात नाही. पाणी रोज 25 ते 40 लिटर, उन्हाळ्यात जास्तच. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंदाने पाहायला हवेत. पावसाळ्यात जमीन कोरडी राहते का, हेही तपासावं.

पोटशूळ रात्रीही उठतो. पशुवैद्य तासाभरात पोचणार नसेल, तर ती पागा घेऊ नका.