मुशीचें तेल आणि बालकांची दृष्टि

हिंगोली जिल्ह्यांतील वारंगा फाटा समुद्रापासून शेकडों मैल दूर आहे. तरीहि तेथील बालकांना पाजावयाच्या 'अ' जीवनसत्त्वाचा समुद्राशीं जुना संबंध आहे.

अंधुक प्रकाशांत दिसण्यासाठीं दृष्टिपटलांत जें रंगद्रव्य लागतें, तें या सत्त्वावांचून बनत नाहीं. सत्त्व कमी पडलें कीं प्रथम रातांधळेपण येतें. पुढें डोळा कोरडा पडून व्रण होतात आणि दृष्टि कायमची जाते.

पूर्वीं यावर कॉड माशाच्या यकृताचें तेल परदेशांतून येई. दुसऱ्या महायुद्धांत ती आवक खुंटली, तेव्हां मुंबई व मद्रास इलाख्यांत मुशीच्या यकृताचें तेल काढूं लागले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर या तेलापायीं मुशींची इतकी शिकार झाली कीं थोड्याच वर्षांत तो धंदा बसला. यांत नवल नाहीं. मुशी उशिरां वयांत येते व पिलें थोडीं देते. मारलेल्यांची भरपाई लौकर होत नाहीं.

१९४७ सालीं ऑटो इसलर यांनीं स्वित्झर्लंडांत हें सत्त्व रसायनशाळेंत तयार केलें आणि तेलाची निकड ओसरली. भारतांत १९७० पासून बालकांना त्याची मात्रा देण्यांत येते.

मुशींचें संकट मात्र टळलें नाहीं. १९७० नंतरच्या अर्धशतकांत खुल्या महासागरांतील मुशी व पाकटांची संख्या ७१ टक्क्यांनीं घटली, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आढळलें. बालकाच्या दृष्टीसाठीं तरी आतां त्यांचा जीव घ्यावयास नको. शेवग्याचा पाला, गाजर, पपई यांतून शरीर हें सत्त्व घडवितें. जेवणांत थोडें तेल वा तूप असलें म्हणजे तें अंगीं लागतें.