परवाना सैल, पण कोणासाठी?

पूर ओसरला की गावात पुढारी येतात, कॅमेरे येतात, बिस्किटांचे पुडे येतात. त्यांच्या मागोमाग आणखी एक वर्ग येतो आणि त्याची नोंद कोणत्याच पंचनाम्यात होत नाही. छपरावर पत्रे टाकून देतो म्हणणारा, भिजलेली वायरिंग बदलून देतो म्हणणारा, विम्याचा दावा पास करून आणतो म्हणणारा, तहसीलमधून मदतीची रक्कम काढून देतो म्हणणारा. यांतले काही जण खरोखरच कामाचे असतात आणि त्यांच्यावाचून गाव पुन्हा उभे राहत नाही. उरलेले निम्मे पैसे आगाऊ घेतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. ज्याचे घर वाहून गेले तो माणूस त्या घडीला कोणाचा परवाना तपासणार? आणि तपासायचा म्हटले तरी परवाना म्हणजे काय, तो कोण देतो, हे त्याला कधी कोणी सांगितले आहे?

आमच्या चळवळीत आपत्तीची चर्चा निघाली की ती मदतवाटपातल्या जातीभेदावर येऊन थांबते. ती व्हायलाच हवी. २००१ चा गुजरातचा भूकंप आणि २००४ ची त्सुनामी, या दोन्ही वेळी दलितांना छावण्यांत, पाण्यावर आणि वाटपात डावलल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ६१ व्या कलमाने मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. परंतु मदत हातात पडल्यानंतर त्या पैशाचे काय होते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. सरकारी मदतीचा रुपया आला आणि चार दिवसांत ठेकेदाराच्या खिशात गेला, तर ६१ वे कलम तेथे कामाला येत नाही. तेथे लागतो परवान्याचा कायदा आणि ग्राहकाचा कायदा.

घटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला व्यवसायाचे स्वातंत्र्य दिले, आणि त्याच अनुच्छेदाच्या सहाव्या खंडाने त्या व्यवसायासाठी लागणारी पात्रता कायद्याने ठरवण्याची मुभा राज्याला दिली. त्याआधी शतकानुशतके या देशात एकच परवाना चालत होता, तो जन्माचा. कोणी काय काम करायचे हे आईच्या पोटातच ठरत होते. त्याला परीक्षा नव्हती आणि अपीलही नव्हते. बाबासाहेबांनी १९२३ साली मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली ती पात्रतेच्या बळावर. जातीच्या हिशेबाने तो दरवाजा त्यांच्यासाठी कधीच उघडला नसता. म्हणून पात्रतेवर दिलेला परवाना ही आमच्या लेखी किरकोळ गोष्ट नाही. तो सैल करा असे कोणी म्हटले की आमचा पहिला प्रश्न असतो : कोणासाठी?

संकटात तो सैल करावा लागतो, हे खरे आहे. २००५ सालचेच उदाहरण घ्या. २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. पाच आठवडेही उलटले नाहीत तोच २९ ऑगस्टला अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळ धडकले, पूरसंरक्षक बांध फुटले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. त्या शहरात बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची. अमेरिकेत डॉक्टरचा परवाना राज्याराज्याचा वेगळा असतो. एका राज्याचा डॉक्टर शेजारच्या राज्यात आपल्या मर्जीने रुग्ण तपासू शकत नाही. लुइझियानाच्या गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी तातडीचा आदेश काढला आणि इतर राज्यांत वैध परवाना असलेल्या डॉक्टरांना आपल्या राज्यात काम करण्याची मुभा दिली. तरीही परवानगीच्या गोंधळात मदतीला निघालेली पथके वाटेत अडकलीच. त्या अनुभवावरून २००६ मध्ये तेथे एक नमुना कायदा तयार झाला : स्वयंसेवक डॉक्टर आणि परिचारिकांची नोंदणी आधीच करून ठेवायची, म्हणजे संकटाच्या दिवशी कागद शोधत बसावे लागणार नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. पात्रतेची अट कोणी काढून टाकली नाही. एका राज्याने तपासलेली पात्रता दुसऱ्याने मान्य केली, एवढेच. ही शिथिलता शहाणपणाची.

पण त्याच दिवसांत दुसरीही एक शिथिलता झाली. ८ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी वादळग्रस्त भागापुरता डेव्हिस-बेकन कायदा स्थगित केला. हा १९३१ चा कायदा. सरकारी पैशाच्या बांधकामावर मजुराला त्या भागातल्या प्रचलित दराने मजुरी दिलीच पाहिजे, असे तो सांगतो. पुनर्बांधणी झटपट आणि स्वस्तात व्हावी, असे कारण दिले गेले. ठेके मोठ्या कंपन्यांना मिळाले आणि मजुराच्या ताटातली भाकरी कमी झाली. कामगार संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी रान उठवल्यावर ८ नोव्हेंबरला तो कायदा पुन्हा लागू झाला. मधले दोन महिने कोणाच्या लाभाचे होते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

कॅलिफोर्नियाने उलटा धडा घेतला आहे. तेथे भूकंप आणि वणवे नेहमीचेच. आणीबाणी जाहीर झाली की जीवनावश्यक वस्तूंचे आणि दुरुस्तीच्या कामाचे भाव दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवणे हा गुन्हा ठरतो. आपत्तिग्रस्त भागात परवान्याशिवाय ठेकेदारी करणाऱ्यावर एरवीपेक्षा जड गुन्हा दाखल होऊ शकतो. घरदुरुस्तीच्या करारावर आगाऊ रक्कम किती घ्यायची तेही ठरलेले आहे : दहा टक्के किंवा एक हजार डॉलर, यांपैकी जी कमी असेल ती. म्हणजे ज्या वेळी माणूस सर्वांत अगतिक असतो, त्या वेळी नियम सैल न करता आवळायचे. आपल्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात असे कलम नाही. ताडपत्रीचा, पत्र्याचा आणि मजल दरमजल फिरणाऱ्या टँकरच्या पाण्याचा भाव पुरानंतर दुप्पट झाला तर त्या कायद्याखाली सरळ बोट ठेवावे असे काही हाती लागत नाही. आणि सरकारला जमत नाही असेही नाही. २०२० च्या साथीत महाराष्ट्र सरकारने खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर ठरवून दिले होते, आणि त्यासाठी आधाराला घेतलेल्या कायद्यांत हाच आपत्ती कायदा होता. रुग्णालयाची खाट नियंत्रणात येते, तर गरिबाच्या छपराचा पत्रा का येऊ नये?

अमेरिकेचे गोडवे गाण्याचे मात्र आम्हाला कारण नाही. कॅटरिनानंतर लुइझियानात घरमालकांसाठी 'रोड होम' नावाची योजना आली. तिचे सूत्र असे की वादळापूर्वीची घराची बाजारकिंमत किंवा नुकसानीचा खर्च, यांत जो आकडा कमी तो धरून मदत द्यायची. दिसायला सूत्र सर्वांना सारखेच. पण कृष्णवर्णीय वस्तीतल्या घराला बाजारात किंमतच कमी, म्हणून तेवढेच नुकसान होऊनही त्याच्या हातात पैसे कमी पडले. घर बांधायला लागणारे सिमेंट काही वस्तीचा रंग पाहून स्वस्त मिळत नाही. २००८ मध्ये लोक न्यायालयात गेले आणि २०११ मध्ये तडजोड होऊन आणखी निधी द्यावा लागला.

हे वाचून ज्यांना किल्लारी आठवली नसेल त्यांनी आठवावी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या नव्या गावांत कोणाला केवढे घर मिळाले? भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मोठ्या जमीनदाराला ७५० चौरस फूट. घराचे माप जमिनीवरून ठरले. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका रात्रीत सपाट केली होती. शासनाच्या तक्त्याने दोन्ही पुन्हा आपापल्या जागी नेऊन ठेवल्या. भूमिहीन कोण, हे मराठवाड्यात कोणाला विचारायला जावे लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात पुराने शेते खरवडून नेली तेव्हाही पिकाच्या भरपाईचा हिशेब सातबाऱ्यावरूनच झाला. ज्याच्या नावे सातबारा नाही त्याचा बुडालेला हंगाम कोणत्या रकान्यात लिहायचा?

किल्लारीतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे, आणि ती परवान्याशी थेट जोडलेली आहे. नव्या जागी वसवलेल्या गावांतली घरे ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. जेथे जुन्या जागीच दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते तेथे काम घरमालकाच्या हाती राहिले, अभियंत्याने देखरेख केली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातने हीच दुसरी पद्धत फार मोठ्या प्रमाणावर वापरली. पैसे हप्त्यांनी घरमालकाच्या खात्यात, प्रत्येक हप्त्याआधी अभियंत्याची तपासणी, आणि हजारो गवंड्यांना भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण. गवंड्याकडे पदवी नव्हती, हात होता. त्या हाताला थोडे शास्त्र दिले आणि घरे उभी राहिली.

उलट त्याच भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या आणि शेकडो माणसे मेली. त्या इमारतींना नकाशे होते, मंजुऱ्या होत्या, कागदांवर परवानाधारकांच्या सह्या होत्या. बिल्डर आणि अभियंत्यांवर सदोष मनुष्यवधाचे गुन्हे दाखल झाले. वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी देशात १९७२ चा कायदा आहे, स्थापत्य अभियंत्यांसाठी तसा केंद्रीय कायदा आजही नाही. गुजरातने २००६ मध्ये आपल्यापुरता केला. आमच्याकडे वायरमनला परवाना लागतो, नळकाम करणाऱ्याला महापालिकेचा लागतो, पण भिंत बांधणाऱ्या गवंड्याला कोणी कागद देत नाही आणि मागतही नाही. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणारा वडार, बांधकाम करणारा बेलदार, नाक्यावर उभा राहणारा आमचा बौद्ध मजूर, यांच्या कौशल्याला कागद नाही. कागद आहे तो सही करणाऱ्याकडे. सैल करायचाच तर नियम येथे करा. आपत्तीनंतर पंधरा दिवसांचे प्रशिक्षण देऊन स्थानिक गवंड्याला तात्पुरता दाखला द्या, त्याचे नाव ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, त्याच्या कामावर सरकारी अभियंत्याची विनामूल्य तपासणी ठेवा. आणि बाहेरून येऊन पाच-पाचशे घरांचा ठेका घेणाऱ्याच्या परवान्याची, अनामत रकमेची आणि आगाऊ उचलीची अट दुप्पट कडक करा. आजवर आम्ही पाहतो ते याच्या बरोबर उलट : निविदेच्या अटी तातडीच्या नावाखाली माफ होतात आणि मजुराकडे मात्र आधार कार्डापासून रहिवासी दाखल्यापर्यंत सर्व कागद मागितले जातात. ते कागदही पुरातच गेलेले असतात.

आता ग्राहकाच्या कायद्याकडे येऊ. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा आला आणि जुलै २०२० पासून तो लागू झाला. त्यात ग्राहक म्हणजे मोबदला देणारा. मोफत सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्ही. पी. शांता प्रकरणात हे स्पष्ट केले : जेथे काही रुग्णांकडून पैसे घेतात तेथे मोफत उपचार घेणारा रुग्णही ग्राहक ठरतो, पण जेथे सर्वांनाच मोफत सेवा दिली जाते तेथे तक्रार चालत नाही. म्हणजे पुरानंतरच्या मोफत शिबिरात चुकीचे इंजेक्शन बसले तर गरिबाला ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद. त्याने दिवाणी न्यायालयात जावे आणि वर्षे मोजावीत. पुनर्वसनाच्या घराचे तसेच. भिंतीला तडा गेला की ठेकेदार म्हणतो, तू मला पैसे कुठे दिलेस? आमच्या मते या युक्तिवादाला उत्तर कायद्यातच आहे. सेवा ज्याने विकत घेतली त्याच्या संमतीने तिचा लाभ घेणारा, म्हणजे लाभार्थी, हासुद्धा कायद्याच्या व्याख्येत ग्राहकच आहे. ठेकेदाराला सरकारने पैसे दिले आणि घर आपल्यासाठी बांधले, तर लाभार्थी कोण? हा मुद्दा वकिलांनी आयोगापुढे नेटाने लढवला पाहिजे.

२०१९ च्या कायद्यात 'अनुचित करार' ही नवी संकल्पना आली. अवास्तव अनामत, एकतर्फी अटी असलेला करार रद्द होऊ शकतो. पण ही तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. अंगठा घेतला गावात आणि दाद मागायची राज्य पातळीवर! सदोष सेवेची तक्रार मात्र आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. म्हणून ठेकेदाराला दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या, पावती देत नसेल तर पैसे खात्यातूनच द्या.

आमच्या स्वतःच्या धंद्याबद्दलही बोलले पाहिजे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही असा निकाल दिला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर अमेरिकन वकील विमाने भरून आले आणि वस्त्यांत वकालतनाम्यांवर अंगठे गोळा करू लागले, हा इतिहास आहे. ती दुर्घटना मानवनिर्मित होती, पण अंगठे गोळा करण्याची रीत सगळीकडे एकच. बार कौन्सिलचे नियम वकिलाला अशील शोधत फिरण्यास मनाई करतात. तेव्हा टक्केवारीवर भरपाई मिळवून देतो म्हणणारा कोट घालून दारात आला, तर त्याला त्याची सनद विचारा आणि परत पाठवा.

त्याची गरजही नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या १२ व्या कलमाने पूर, दुष्काळ, भूकंप यांच्या बळींना मोफत वकील मिळण्याचा हक्क दिला आहे, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला तो आपत्ती नसतानाही आहे. या दोन्ही गटांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साध्या कागदावर करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे, तेथील कर्मचाऱ्याने तो लिहून घ्यायचा आहे.