झोपायच्या खोलीची भिंत आणि घरखर्चाची वही

पावसाळा संपला, दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की कपाट जरा पुढं ओढावं लागतं आणि मग मागची भिंत दिसते. पोपडे सुटलेले, खाली मिठासारखा पांढरा लोणा, वर काळी बुरशी. उशीजवळ कुबट वास. मुलाचा किंवा सासूबाईंचा खोकला भाद्रपदापासून हटत नाही, त्याचं एक कारण इथंही असू शकतं. मग घरात बोलणं निघतं, "अहो, यंदा एवढी खोली तरी करून घेऊ या."

मैत्रिणींनो, शहापूर-मुरबाडकडे राहणाऱ्यांना हे नवीन नाही. कल्याण-ठाण्यात राहून तिकडचं सासरचं घर सांभाळणाऱ्यांनाही नाही. मुंबईला पाणी देणारी भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. एवढा पाऊस जिथे पडतो तिथे भिंतीला ओल येणारच. आणि त्याच खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पत्रा असा तापतो की रात्री बारापर्यंत डोळा लागत नाही. म्हणजे खर्च दोन गोष्टींसाठी करायचा : ओल थांबवायची आणि ऊन अडवायचं. रंग आणि शोभा त्यानंतर.

आधी पाणी कुठून येतं ते बघा

दुकानात प्लास्टिकची चकचकीत पॅनेलं मिळतात, प्लायवूडही मिळतं. दोन दिवसांत भिंत झाकली जाते आणि खोली नवी दिसते. पण ओल्या भिंतीवर असं अस्तर चढवणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. मागे बुरशी वाढते, झुरळं घर करतात, लाकडाला वाळवी लागते. दोन-तीन पावसाळ्यांनी सगळं उचकटावं लागतं आणि पैसे दुसऱ्यांदा जातात.

म्हणून एक सोपी परीक्षा करा. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवा कोंडतेय. तेव्हा खिडकी उघडी ठेवणं, ओले कपडे आत न वाळवणं एवढ्यानंही बराच फरक पडतो, आणि त्याला पैसे लागत नाहीत!

दुसरी गोष्ट, ऐन पावसात ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढून तारीख घाला. ओल वरून खाली येत असेल तर दोष कौलांत, पत्र्यात किंवा पन्हळीत. जोत्यापासून वर चढत असेल तर अंगणाचं पाणी भिंतीशी साचतंय. फक्त पश्चिमेची भिंत भिजत असेल तर झड थेट तिच्यावर येतेय. गवंडी आला की ही रेघ त्याला दाखवा. मग "सगळ्या भिंती फोडाव्या लागतील" असं तो सहज म्हणणार नाही.

मोजमाप तुम्हीच घ्या

दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली धरा. चारी भिंती मिळून ४४० चौरस फूट. दार-खिडकीचे सुमारे ४० वजा केले की ४००, म्हणजे चार ब्रास. अर्ध्या इंचाच्या गिलाव्याला एका ब्रासला साधारण एक गोणी सिमेंट लागतं. ओल दोनच भिंतींना असेल तर काम दोन ब्रासचं. मग आठ गोण्यांची यादी हाती आली तर विचारा, "भाऊ, एवढ्या कशाला?" वरच्या छताचं माप १२० चौरस फूट.

घर जुनं कुडाचं असेल तर हिशेब वेगळा. कारवीच्या कुडावर किंवा मातीच्या भिंतीवर थेट सिमेंटचा गिलावा मारू नका. तो मातीला नीट धरत नाही, तडकतो आणि आत शिरलेलं पाणी कोंडून ठेवतो. तिथे चाळलेली माती, पेंढ्याचा भुगा आणि शेण यांचाच लेप बरा. त्यात रोकड कमी जाते, दिवस आणि हात जास्त लागतात.

पैशांची वाटणी

समजा, हाती ४०,००० रुपये आहेत. पुढचे आकडे बाजारभाव नव्हेत, वाटणी कशी करावी ते कळण्यासाठी आहेत.

छत आणि पन्हळ दुरुस्ती – १०,०००
बाहेरची भिंत, जोतं, पाण्याला उतार – ९,०००
आतला खराब गिलावा काढून नवा – १०,०००
छताखाली चटईचं अस्तर – ५,०००
रंग – २,०००
राखीव – ४,०००

बघा, निम्म्याच्या जवळपास पैसा खोलीच्या बाहेरच गेला! पाहुण्यांना तो दिसणार नाही, पण आतला गिलावा टिकेल तो त्याच्याच जोरावर. पैसे कमी पडले तर रंग पुढच्या वर्षावर टाका, छत नाही. आणि राखीव रकमेला पोपडे काढून होईपर्यंत हात लावू नका. आत काय निघेल ते तेव्हाच कळतं.

बचत गटातून कर्ज घेणार असाल तर व्याज वर्षाचं मोजा. शेकडा दोन रुपये महिना ऐकायला थोडे वाटतात, पण ते वर्षाला चोवीस टक्के होतात. शक्य असेल तर बाहेरचं काम यंदा आणि आतलं पुढल्या वर्षी करा. तेवढं कर्ज कमी लागेल.

उन्हासाठी

पत्र्याखाली सहा-आठ इंच जागा सोडून बांबूची चटई बसवा आणि दोन्ही टोकांना हवा खेळती ठेवा. तापलेली हवा बाहेर जाते, खोली निवते. पत्र्यावर वरून पांढरा, ऊन परतवणारा रंग दिला तर आणखी फरक पडतो. अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं अशी पांढरी करण्याची मोहीम झाली, ती याच कारणानं. थर्माकोल स्वस्त असतो, पण पेटला तर विषारी धूर होतो. विजेच्या तारांजवळ तो नकोच. जुने सिमेंटचे पत्रे काढताना ते फोडू नका, कापू नका. त्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक असते. पाणी मारून, अख्खे उतरवून घ्या. मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

काम केव्हा काढावं?

छताचं काम मृगाच्या आधी, मे महिन्यात उरका. गिलावा मात्र उन्हाळ्यात नको. त्यावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि शहापूरच्या कित्येक गावांत तेव्हा प्यायचं पाणी टँकरनं येतं. भातकापणी आटोपली की डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पण दिवाळीनंतर पुष्कळ मजूर वीटभट्ट्यांवर जातात, म्हणून गवंड्याला आधीच सांगून ठेवा. काम उक्तं दिलंत तर काय काय करायचं ते कागदावर लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, शेवटचा हप्ता भिंत वाळल्यावर. नव्या गिलाव्यावर महिनाभर तरी रंग नको.

एक शेवटचं. गवंड्याशी बोलणी पुरुष मंडळींनी करायची आणि ओलीच्या खोलीतलं अंथरूण मात्र आपण वाळवायचं, असं बऱ्याच घरांत चालतं. ओल कुठं आहे, केव्हा येते, कोण खोकतं, हे सगळ्यांत जास्त तुम्हाला ठाऊक असतं. तेव्हा बोलणीच्या वेळी मापाची वही घेऊन तुम्हीही बसा. चार प्रश्न विचारलेत तर काम चांगलं होईल आणि चार पैसेही वाचतील.